वाचून दाखवलेला कागद

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून निघालेली बस मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावे ओलांडीत उत्तनला पोहोचते. शेवटच्या टप्प्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास बसमध्ये शिरतो आणि परगावचा उतारू नाकाला रुमाल लावतो. माझ्या लेखी मात्र तो वास घर जवळ आल्याची खूण आहे. समुद्राकडे तोंड करून उभे असलेले आमचे चर्च समुद्रमातेच्या नावाचे आहे. पवित्र सप्ताहात तेथे पापनिवेदनासाठी रांग लागते. रात्रीची मासेमारी करून आलेले पुरुष, टोपल्या बाहेर ठेवून आलेल्या बाया आणि परीक्षेच्या धास्तीने भाविक झालेली मुले एकामागून एक पुढे सरकत असतात. त्या रांगेत मी लहानपणापासून उभा राहिलो आहे. येथे जे लिहावयाचे आहे ते तिच्यात घालवलेल्या चौतीस वर्षांविषयी.

प्रथम जे घडले ते सांगतो. मराठीचा अध्यापक या नात्याने मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावीत आलो की, आधी संहिता, भाष्य नंतर. तो नियम येथे मलाही लागू आहे.

1988 साली मी सत्तावीस वर्षांचा होतो. एम. ए. होऊन एका महाविद्यालयात नुकताच लागलो होतो. घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिलाच. आजोबांच्या मागे राहिलेला भातशेतीचा एक तुकडा विकण्याचे बाबांनी ठरविले. जमिनीला एकाएकी भाव आले होते, मिठागरांच्या कडेने इमारती उठू लागल्या होत्या आणि बाबांना होडीसाठी नवे इंजिन हवे होते. अडचण एकच होती. आजोबांनी मृत्युपत्र केलेले नव्हते आणि बाबांना एक बहीण होती. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 सालचा आहे. त्यानुसार मृत्युपत्राविना वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा मिळतो. हिंदू भगिनींना ज्या हक्कासाठी पुढे अनेक वर्षे झगडावे लागले, तो आमच्या आत्याला जन्मतःच होता. तिला मात्र तो ठाऊक नव्हता. घरात तो मला एकट्याला ठाऊक होता, कारण कायद्याचे पुस्तक वाचू शकणारा मी एकटाच होतो.

आत्या निरक्षर होती. हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा हवा होता. तिने विचारले, "बाळा, काय लिहिले आहे ते वाचून दाखव." मी कागद हातात धरला, ओळींवरून बोट फिरवीत गेलो आणि जे लिहिलेले नव्हते ते वाचले. आजोबांच्या नावावरची जमीन बाबांच्या नावावर चढवायची आहे, कर भरण्याच्या सोयीसाठी हा कागद आहे, असे मी तिला सांगितले. नोंदणीच्या वेळी तिला विचारण्यात आले, कागद समजला आहे ना? ती अभिमानाने म्हणाली, "माझ्या भाच्याने वाचून दाखवला आहे. तो कॉलेजात शिकवतो."

आलेल्या पैशांतून बाबांचे इंजिन आले. उरलेल्या रकमेतून भाईंदरला माझ्या दोन खोल्यांची अनामत भरली गेली. त्याच दोन खोल्यांत बसून मी हे लिहीत आहे.

पापाची कबुली मी दिली नाही असे नाही. पुढच्याच उपवासकाळात मी रांगेत उभा राहिलो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात चांगल्या पापनिवेदनाच्या पायऱ्या आमच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या: विवेकाची तपासणी, पापाबद्दल दुःख, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूंजवळ निवेदन आणि शेवटी त्यांनी सांगितलेले प्रायश्चित्त. मी गुडघे टेकले आणि म्हणालो, "मालमत्तेच्या एका व्यवहारात मी पूर्णपणे प्रामाणिक राहिलो नाही." जाळीपलीकडून दोन समजुतीचे शब्द आले, तीन वेळा मरियेची प्रार्थना म्हणण्यास सांगितले गेले, पापक्षमेचे शब्द उच्चारले गेले आणि मी उठलो. बाहेर समुद्राला ओहोटी लागली होती. मला हलके वाटायला हवे होते. वाटले नाही.

त्यानंतर दरवर्षी मी तेच पाप त्याच शब्दांत सांगत राहिलो. माझे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्यात आत्या नव्हती, अंगठा नव्हता, वाचून दाखवलेला कागद नव्हता. 'व्यवहार' होता आणि 'पूर्णपणे' असे एक क्रियाविशेषण होते, ज्याच्या आड माणूस आरामात बसू शकतो. एकदा एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी ते वाक्य ऐकून घेतले आणि एकच शब्द विचारला, "कोणाशी?" मी चाचरलो. त्यांनी आणखी विचारले, "ते परत करण्यासारखे आहे का?" मी काहीतरी पुटपुटलो. पुढील वर्षापासून मी पापनिवेदनासाठी माहीमला, वांद्र्याला, जेथे मला कोणी ओळखत नाही तेथे जाऊ लागलो. क्षमेची खात्री शोधणारा मी त्या खात्रीच्या दारावर वाट अडवून उभ्या असलेल्या एका प्रश्नापासून असा लोकलने पळत होतो.

खात्रीचा हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, ख्रिस्ती परंपरेतला तो फार जुना प्रश्न आहे. मार्टिन ल्यूथर एर्फर्टच्या मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करी, आणि उठून गेल्यावर राहिलेले पाप आठवले म्हणून परत येई. त्याचे गुरू श्टाउपिट्झ त्याच्या या छळाला कंटाळत. त्या यातनेतूनच पुढे सुधारणेची चळवळ निघाली. तिचे म्हणणे असे की, क्षमा माझ्या निवेदनाच्या पूर्णतेवर टांगलेली नाही, ती ईश्वराच्या वचनावर उभी आहे. उलट 1547 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बजावले की, आपल्यावर कृपा झालीच आहे असे श्रद्धेच्या अचूक निश्चितीने कोणी म्हणू नये. ईश्वराच्या दयेबद्दल शंका नको, पण स्वतःच्या दुबळेपणाचा विसरही नको. पुढे 24 मे 1738 रोजी लंडनमधील एका छोट्या सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असताना जॉन वेस्ली यांना अंतःकरणात एक विलक्षण ऊब जाणवली आणि आपले पाप दूर झाले आहे अशी त्यांची खात्री पटली. थोडक्यात सांगायचे तर कॅथलिक माणसाला क्षमेचे शब्द बाहेरून, कानांनी ऐकू येतात आणि त्यावर त्याने विसंबायचे असते. वेस्लींच्या अनुयायाला ती साक्ष आतून हवी असते. मला शब्द बाहेरून दरवर्षी ऐकू येत होते आणि आत सामसूम होती.

मराठीत या सामसुमीबद्दल कोणी लिहिले आहे का, याचा शोध घेताना मी पंडिता रमाबाईंपाशी येऊन थांबलो. आपल्या अभ्यासक्रमांत रमाबाई बहुधा समाजसुधारक म्हणून येतात. शारदा सदन, केडगावचे मुक्ति मिशन, 1887 सालचे इंग्रजी पुस्तक, एवढ्यावर प्रश्नपत्रिका संपते. त्यांच्या धर्मानुभवाला आपण संकोचाने बगल देतो. परंतु 1907 साली प्रसिद्ध झालेल्या साक्षीत रमाबाईंनी एक अवघड गोष्ट मोकळेपणाने नोंदविली आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. धर्म बुद्धीला पटला होता, आचारही चालू होता, पण पापक्षमेची खात्री नव्हती. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना त्या अडखळल्या, कारण त्या गृहस्थांनाही धर्मोपदेशक झाल्यानंतरच आपली पोकळी कळली होती.

त्याच साक्षीतील दुसरा एक प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या भगिनींनी रमाबाईंना लंडनमधील फुलहॅम येथील आपला आश्रम दाखविला. समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांना तेथे आसरा दिला जात असे. त्या स्त्रियांशी भगिनी ज्या ममतेने वागत होत्या ती पाहून रमाबाई चकित झाल्या. शास्त्रे पढलेल्या या विदुषीला अशा स्त्रियांसाठी सांगितलेली शासने तोंडपाठ होती, दया कोठे वाचलेली नव्हती. असे का वागता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. मला जाणवले ते असे की, रमाबाईंना क्षमा पहिल्यांदा दिसली ती सिद्धान्तात नव्हे, कोणीतरी कोणाशी तरी वागत असताना. खात्री यायला पुढे बराच काळ लागला. दर्शन मात्र आधी झाले, आणि ते बायकांच्या एका घरात झाले.

कोणीतरी वाचून दाखविले आणि एका स्त्रीचे आयुष्य बदलले, हे वाचताना मला माझे स्वतःचे वाचून दाखवणे आठवल्यावाचून राहिले नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी चहाला गेली. गोपाळराव जोशी यांनी नावे वर्तमानपत्रात छापली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली आणि अखेर 1892 साली रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात त्यामागची कौटुंबिक व्यथा सांगितली आहे. चहा पिणे हे पाप आहे असे त्यांच्या पतीला वाटत नव्हते, त्यांनी प्रायश्चित्त घेतले ते मित्रांच्या अडचणीकडे पाहून. वर्गात हे प्रकरण शिकविताना मी दरवर्षी एक वाक्य टाळ्यांसाठी म्हणत असे: तेथे पाप नव्हते आणि प्रायश्चित्त होते. एके वर्षी ते वाक्य म्हणता म्हणता माझा आवाज थांबला, कारण त्याचा उत्तरार्ध मला आतून ऐकू आला. माझ्याकडे पाप होते, आणि प्रायश्चित्त तीन प्रार्थनांचे. मुलांना वाटले सरांना खोकला आला.

भाषेच्या माणसाला शेवटी शब्दच जागे करतात. 'पश्चात्ताप' आणि 'अनुताप' या दोन्ही शब्दांत 'मागाहून तापणे' आहे, पण तापलेले काही निवविण्याची क्रिया त्यांत नाही. 'क्षमा' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ पृथ्वी असा आहे, कारण ती सारे सोसते. 'माफी' अरबीतून आली आणि महसुलाच्या दप्तरात जाऊन बसली. ज्या जमिनीचा सारा सोडला, ती माफी जमीन. आणि ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेत मत्तय ज्या ग्रीक शब्दाने आपण क्षमा मागतो त्या गोष्टीचे नाव देतो, त्याचा अर्थ 'ऋण' असा आहे. लूक त्या जागी 'पाप' म्हणतो, पण दुसऱ्या चरणात त्यालाही ऋणकोच आठवतो. जमीन, सारा, ऋण. वर्षानुवर्षे मी ज्याला माझे आध्यात्मिक कोडे समजत होतो, ते शब्दकोशात जमिनीचा हिशेब होऊन माझी वाट पाहत होते.

आत्या 2003 साली गेली. तोवर तिने मला कधी काही विचारले नाही. माझ्या वाढदिवसाला ती न चुकता उत्तनच्या चर्चमध्ये माझ्या नावाने मिस्सा अर्पण करवीत असे आणि संध्याकाळी केळीच्या पानात काहीतरी गोड बांधून पाठवीत असे. मी ते खात असे.

2021 साली मी निवृत्त झालो. हाती भविष्य निर्वाह निधीची रक्कम आली. त्या वर्षी मी लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची कथा पुन्हा वाचली. तो जकातदार उंबराच्या झाडावर चढलेला असतो हे मुलांच्या गाण्यांमुळे सर्वांना माहीत असते. पण तो खाली उतरल्यावर काय म्हणतो तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन, असे तो म्हणतो. आणि हे तो क्षमा विकत घेण्यासाठी म्हणत नाही. प्रभू त्याच्या घरी येण्याचे आधीच ठरले आहे. परतफेड ही क्षमेची किंमत नसून क्षमा घरात आल्यावर उघडलेली खिडकी आहे, हे मला साठाव्या वर्षी कळले.

चौपट माझ्या ऐपतीपलीकडचे होते. त्या तुकड्याच्या आजच्या किमतीचा विचारही मला करवेना. आत्याच्या वाट्याला त्या वेळी आली असती ती रक्कम आणि तिच्यावरचे तेहेतीस वर्षांचे व्याज असा हिशेब मी मांडला. 2022 च्या उपवासकाळात तो कागद घेऊन आत्याच्या मुलीकडे गेलो. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आईसारखीच मासळी विकत आली, पण वाचता येते.

मी तिला सर्व सांगितले. या वेळी क्रियाविशेषणे वापरली नाहीत. तिने हिशेबाचा कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला, सावकाश, ओठ हलवीत. मग म्हणाली, "दादा, पैसे घेते. मुलीच्या शिक्षणाला लागतील. माफीचे मात्र मला आज विचारू नका."

मी विचारले, "आत्याला ठाऊक होते का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. "आई तुमच्या नावाने मिस्सा का घालायची, हे मी तिला एकदा विचारले होते," ती म्हणाली. "ती म्हणाली, त्याला गरज आहे."

या तीन शब्दांचा अर्थ मी आजही लावतो आहे. आत्याला सारे माहीत होते, असा एक अर्थ. शहरात नोकरी करणाऱ्या भाच्याची काळजी, असा दुसरा. संहितेत यापेक्षा अधिक पुरावा नाही आणि लेखिका हयात नाही. पहिला अर्थ खरा असेल, तर मी कबुली द्यायच्या आधीच, मला कबूल करायचे आहे हे मला कळायच्याही आधी, क्षमा माझ्या दारात केळीच्या पानात येत होती. उधळ्या मुलाची कथा आठवावी. परतीच्या वाटेवर तो आपले भाषण घोकत येतो, शेवटी 'मला मोलकरी ठेव' असे म्हणायचे ठरवितो. बाप धावत येऊन गळ्यात पडतो आणि ते शेवटचे वाक्य उच्चारले जातच नाही. माझे वाक्य मी चौतीस वर्षे घोकत होतो. बाप मधल्या काळात काय करीत होता, हे मी पाहिलेच नाही.

त्या वर्षी पवित्र सप्ताहात मी उत्तनच्याच रांगेत उभा राहिलो. जाळीजवळ गुडघे टेकून म्हणालो, "1988 साली मी माझ्या निरक्षर आत्याला खोटा कागद वाचून दाखविला आणि तिची जमीन घेतली." फादर माझ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वयाचे होते. त्यांनी पैशांबद्दल विचारले, मी सांगितले. त्यांनी बहिणीबद्दल विचारले, तेही सांगितले. ते म्हणाले, तिची क्षमा तिच्याजवळ आहे, ती मी देऊ शकत नाही, आणि तुम्ही तिच्यामागे तगादा लावू नका. मग त्यांनी पापक्षमेचे शब्द उच्चारले. तेच शब्द, जे मी दरवर्षी ऐकत आलो होतो.

वेस्लींना जाणवली तशी ऊब मला जाणवली का, असे कोणी विचारील. नाही. रडूही आले नाही. एवढेच झाले की त्या शब्दांवर माझा विश्वास बसला, कारण या खेपेला ते ज्याच्यावर पडले तो माणूस खरोखरच तेथे गुडघे टेकून होता. त्याआधी दरवर्षी क्षमा मिळत होती ती एका वाक्याला. खात्रीसाठी मी ईश्वराच्या बाजूला भेग शोधीत राहिलो. भेग माझ्या कबुलीत होती. तरीही सावधपणे हेही नोंदवितो की, परतफेड केली म्हणून खात्री मिळाली, असे समीकरण मी मांडणार नाही. ज्यांच्याकडे परत करण्यासारखे काही उरलेले नसते, ज्यांनी दुखावलेली माणसे कायमची निघून गेलेली असतात, त्यांचे काय, या प्रश्नापुढे ते समीकरण टिकत नाही. वधस्तंभावरील चोराने काहीच परत केले नव्हते. माझ्याजवळ परत करण्यासारखे होते आणि मी ते दडवून ठेवले होते, एवढेच माझ्यापुरते सत्य.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्या गावची माणसे दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. त्या वर्षी मी आत्याच्या थडग्यापासून थोडा दूर उभा होतो. बहीण आणि तिची मुलगी फुले मांडीत होत्या. समुद्रावरून वारा सुटला होता आणि मेणबत्ती पेट घेत नव्हती. दोन काड्या वाया गेल्यावर बहिणीने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"दादा, नुसते उभे काय राहिलात," ती म्हणाली, "इकडे या आणि वाऱ्याच्या बाजूने हात धरा."

मी गेलो आणि हात धरला.